विहिरीचा विसावा

“आठवड्यातून एक दिवस विहिरीला झोपू द्यायचं. त्या दिवशी मोटरीला हात लावायचा नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. आपण थकलो की आडवे होतो. ती बिचारी कुठं आडवी होणार?”

वडिलांचा हा आवाज तिला भल्या सकाळी आठवला तो नळामुळे. उठून, केस बांधून, नेहमीसारखा तिनं स्टीलचा पेला नळाखाली धरला आणि चावी फिरवली. नळानं एक लांब सुस्कारा सोडला. तोंडाशी एक थेंब आला, लोंबकळला आणि आत परत गेल्यासारखा दिसेनासा झाला. पेला कोरडाच. मग तिच्या ध्यानात आलं, आज विसाव्याचा दिवस. आज शहरात कुणाच्याच नळाला पाणी येणार नव्हतं, आणि कुणी त्याबद्दल तक्रारही करणार नव्हतं, कारण आदल्या संध्याकाळी घागरी, बादल्या, पातेली भरून ठेवायची इथल्या माणसांना इतकी सवय होती की बाहेरून आलेल्या सुनासुद्धा महिन्याभरात न सांगता भरून ठेवू लागायच्या. तिनंही काल भरून ठेवलं होतं. कोपऱ्यातल्या घागरीवर झाकण होतं, झाकणावर ओगराळं होतं. तिला स्वतःचंच हसू आलं. पंपहाऊसच्या पायरीवर बसून जिनं अभ्यास केला, ऑफिसात जिला पाठीमागे ‘विहिरीची लेक’ म्हणतात, आणि जी आज त्याच नगरपालिकेत पाणीपुरवठ्याची अभियंता आहे, तिनंच विसाव्याचा दिवस विसरावा म्हणजे कमाल झाली. पण कारण उघड होतं. मन रात्रीपासून नव्या विहिरीच्या उद्याच्या सभेत जाऊन बसलं होतं.

तिनं घागरीतून पेला भरला आणि खिडकीशी बसली. हा आईनं लावलेला नेम. दिवसाचा पहिला पेला हातात घ्यायचा, डोळे मिटायचे, देवाचं नाव घ्यायचं, आणि हे पाणी आपल्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी आणलं त्यांचं भलं चिंतायचं. तोवर घशाखाली काही उतरवायचं नाही. परीक्षेच्या दिवसांत, तापात, ठरलेलं लग्न मोडलं त्या सकाळीसुद्धा तिनं तो चुकवला नव्हता. त्यात मोठी भक्ती होती असं तिला कधी वाटलं नाही. केस विंचरावेत तसं ते होतं, केलं नाही तर दिवसभर काहीतरी विस्कटलेलं वाटायचं. आताही तिनं एकेकाचं भलं चिंतलं. वडिलांचं, हल्लीच्या पंपवाल्याचं, पाइप जोडणाऱ्यांचं, आणि लहानपणी लागलेल्या सवयीनं शेवटी विहिरीचं. आज तू झोप हो, असं लहानपणी ती म्हणायची तसंच मनात म्हणाली. पेला ओठांशी आला आणि तिथंच थांबला. नव्या विहिरीच्या चाचणीच्या दिवशीही ती झोपलेलीच होती.

एवढंच मनात आलं आणि पाठीवरून कुणी ओला हात फिरवावा तसं झालं. पेला गार होता, हात त्याहून गार झाले. तिनं घोट घेतला, कारण नेम पुरा करायचा असतो, पण पाण्याला चव लागली नाही. घर गप्प होतं. एरवी या वेळेला जमिनीतून मोटरीची घरघर तळपायांना लागायची. पंपहाऊस दोन गल्ल्या पलीकडे, पण त्यांच्या घराची फरशी जणू त्याच मोटरीवर ठेवलेली. आई त्या घरघरीवरून वडिलांची वेळ ओळखायची. आवाज जड झाला की म्हणायची, आता पाणी वरच्या टाकीत चढतंय, अजून तासभर यायचे नाहीत. हलका झाला की चुलीवरचं पातेलं झाकायची. आणि विसाव्याच्या दिवशी फरशी अशी गप्प असायची, वडील घरात असायचे, आई उगीचच्या उगीच गुणगुणायची. त्या शांततेत ती वाढली होती. मासा पाण्याकडे बघत नाही तशी ती या शांततेकडे कधी बघतच नव्हती. परक्या ठिकाणाहून आलेल्या कुठल्याही अभियंत्यानं चाचणीच्या दिवशी पहिला प्रश्न हाच विचारला असता, की शेजारची जुनी मोटर बंद का आहे. तिला तो प्रश्न पडला नाही. ती बंद असणं तिच्या लेखी आभाळ वर असण्यासारखं होतं.

पूर आला तेव्हा नदीकाठची सगळी खालची वस्ती गेली होती. माणसं वाचली ती टेकडीवर चढली म्हणून, आणि मग टेकडीवरच राहिली. पत्र्याच्या शेडी आल्या, दिव्यांसाठी एक जनरेटर आला, पाण्यासाठी टँकर आला. टँकर त्याच्या मर्जीनं यायचा. पुढे सरकारकडून मदतनिधी आला, तो कशावर खर्च करावा यावरून नगरपालिकेत बरीच भवती न भवती झाली. कुणाला रस्ता हवा होता, कुणाला संरक्षक भिंत. तिनं पहिल्यापासून एकच धोशा लावला होता, टेकडीसाठी नवी विहीर. शेवटी मुख्याधिकारी साहेबांनी तिची बाजू घेतली, पण पैसा या वर्षअखेरीच्या आत कामाला लावायचा, नाहीतर आला तसा परत, अशी अट होती. जागा तिनंच निवडली. जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला नगरपालिकेचीच पडीक जमीन होती, नळाची वाट जवळ होती, खर्च निधीत बसत होता. आधी तिथं चाचणीचं बोअर मारलं. त्यावर पंप बसवून दिवसरात्र उपसा करायचा, पाणी कितपत टिकतं बघायचं, मग मोठी विहीर खणायची, अशी रीत. आता पंपाला वीज कुठली? तर जुन्या पंपहाऊसमधली. एका लाइनवर दोन मोटरी ओढत नाहीत, म्हणून साहजिकच जुनी बंद असते तो दिवस धरला. विसाव्याचा. सगळ्यांना हे इतकं सोयीचं आणि शहाणपणाचं वाटलं की कंत्राटदारानं तिची तारीफही केली होती. दिवसरात्र पाणी धो धो वाहिलं. टेकडीवरून माणसं बघायला उतरली होती. त्यांतल्या इस्त्रीवाल्या मावशींनी पाइपाच्या तोंडाखाली हात धरला, मग ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि वर निघून गेल्या. तो ओला हात अजून तिच्या केसांत होता.

आणि त्या दिवशी जुन्या विहिरीत काय चाललं होतं? ते कुणी पाहिलंच नव्हतं, कारण विसाव्याच्या दिवशी पंपहाऊसचा विहिरीकडचा दरवाजा उघडायचा नाही हाही वडिलांचाच दंडक. झोपलेल्या बाईच्या खोलीत डोकवायचं नसतं, असं ते म्हणत. दोन्ही झरे वेगळे असले तर प्रश्नच नाही. पण पाणी एकच असलं, तर नव्या विहिरीनं जुनीच्या ताटातलं ओढून घेतलं असणार. मग मदतनिधीतून आपण पाणी आणत नाही आहोत, पाण्याला दुसरं तोंड पाडतो आहोत. पावसाळा सरल्या सरल्या निभेल. उन्हाळ्यात टेकडीही कोरडी आणि खालचं शहरही. हे सगळं तिला एवढ्या शब्दांत कुणी सांगितलं नाही. पेल्यात उरलेल्या घोटभर पाण्याकडे बघता बघता ते तिथं दिसत गेलं. आणि त्याच्या पाठोपाठ हेही दिसलं, की हे फक्त तिला दिसतंय. उद्या ठराव होईल, टाळ्या पडतील, विहीर खणली जाईल. उन्हाळा यायला अवकाश आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं तर माणसं उन्हाला बोल लावतात.

बाहेरच्या खोलीत वडील कॉटवर बसून जमिनीचं ऐकत होते. विसाव्याच्या दिवशी ते असेच बसत, पाय खाली सोडून, तळवे फरशीला टेकून. काही ऐकू आलं नाही की त्यांना बरं वाटे. इतर दिवशी त्यांना बरंच काही उलटसुलट होई, तिला आईच्या नावानं हाक मारत, निवृत्त झालो हे विसरून चपला शोधत. पण या दिवशी त्यांचं डोकं निवळशंख असायचं. तिनं त्यांना चहा दिला, त्यांनी विचारलं, उद्या सभा ना, तिनं मान हलवली. सांगायचं ओठांवर आलं होतं, पण त्या तळव्यांकडे बघून तिनं गिळलं. जरा पंपहाऊसकडे जाऊन येते, म्हणाली. ते म्हणाले, आज? ती म्हणाली, नुसतं जाऊन येते.

पंपहाऊसच्या अंगणात हल्लीचा पंपवाला खुर्ची टाकून पेपर वाचत होता. सगळे त्याला थंडोबा म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत असे. पलीकडे बोअरपाशी कंत्राटदाराची माणसं चाचणीचा पंप सोडवायच्या तयारीत होती, कारण तो उद्या दुपारी दुसऱ्या ठिकाणच्या कामावर जायचा होता. तिनं थंडोबाला सहज विचारावं तसं विचारलं, चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाजा उघडला तेव्हा विहीर कुठं होती. विहिरीच्या भिंतीत लोखंडी गजांची शिडी होती, आणि त्यातल्या तीन गजांना वडिलांनी नावं ठेवली होती. वरच्याला माहेर, मधल्याला सासर आणि खालच्याला वनवास. पाणी माहेरी असलं की काळजी नाही, सासरी आलं की जपून, वनवासाला टेकलं की मोटर बंद. पालिकेच्या दप्तरी ही नावं कुठंच नव्हती, पण तीन पंपवाले बदलले तरी तीच चालू होती. विसावा झाल्यावर विहीर माहेरी गेलेलीच असायची, इतक्या वर्षांत चूक नाही. थंडोबानं पेपर खाली केला आणि जरा आठवून म्हणाला, “त्या सकाळी सासरीच होती की. मला वाटलं, रुसली असेल.”

तिनं त्याला काही बोलून घेतलं नाही. बोलणार काय, तो खोटं बोलला नव्हता आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. ती बोअरपर्यंत चालत गेली आणि कंत्राटदाराच्या मुकादमाला म्हणाली, पंप उद्या सकाळपर्यंत राहू द्या, अजून एकदा चालवायचाय, या खेपेला जुन्या मोटरीच्या जोडीनं. तो म्हणाला, ताई, विजेचं काय करणार, एका लाइनवर दोन म्हणजे फटाका. तिनं सांगितलं, ते बघते. तेवढं बोलून ती निघाली तेव्हा आपण बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. घरातून निघताना तिचं काही ठरलं नव्हतं. रस्त्यानं येताना ती मनाशी घोकत होती, की आधी बघू, मग ठरवू, आणि बघायला गेलं की ठरवून झालेलं असतं हे तिला माहीत होतं. ऑफिसकडे जाताना जागोजाग बंद नळ दिसत होते, कुणी त्यावर कपडा वाळत घातला होता, एका दारातली म्हातारी घागरीतलं पाणी ओंजळीनं झाडाला घालत होती, पाणी महाग असलेल्या दिवशी माणूस जसं घालतो तसं, एकही थेंब आळ्याबाहेर न जाऊ देता.

मुख्याधिकारी साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर काचेखाली दोन मुलींचे फोटो होते आणि पाण्याच्या ग्लासवर नेहमी बशी असायची. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही, आणि मग बराच वेळ बशीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्यांचं म्हणणं असं, की चाचणी झाली, पाणी लागलं, कागदावर सगळं रीतसर आहे. जागा बदलायची तर मंजुरी पुन्हा, आणि वर्षअखेर तोंडावर असताना पुन्हा म्हणजे नाहीच. पैसा गेला की टेकडीवरच्या लोकांना तोंड कोण दाखवणार, ते की ती? आणि समजा पाणी एकच असलं, तरी नवी विहीर काहीच नसण्यापेक्षा बरी. हे शेवटचं ते खिडकीकडे बघून म्हणाले. तिनं शांतपणे विचारलं, मग मी आज मोटर चालवू की नको. साहेबांनी बशी उचलली, पाणी प्यायले, बशी परत ठेवली.

“चालवू नका असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “पण उद्या सकाळी तुम्हाला जे दिसेल, ते सभा झाल्यावर दिसलं असं समजा.”

“मला ते जमायचं नाही, साहेब.”

“माहीत आहे. म्हणून तर तुमची जागा दारापाशी ठेवलीय, लवकर बाहेर पडता यावं म्हणून.”

ते हसले, तीही हसली. साहेबांचे विनोद असेच असायचे, टाचणीच्या टोकाएवढे, आणि खिशात घेऊन घरी गेल्यावर टोचणारे. जिना उतरताना तिच्या मनात आलं, त्यांनी सरळ नको म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. माणसाला कुणीतरी नको म्हणावं असं वाटण्याचे दिवस येतात. देव कधी नको म्हणत नाही, हीच त्याची अडचण आहे. तो नुसता बघत राहतो, आणि तुम्ही पेला हातात धरून बसता.

टेकडीची वाट चढताना ऊन लागत होतं. वीज दुसरी कुठं नव्हती, होती ती टेकडीवरच्या जनरेटरची, आणि तो मागायला जाणं म्हणजे ज्यांच्या तोंडचं पाणी आपण पळवणार त्यांच्याकडेच दोरी मागण्यासारखं होतं. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. तांत्रिक कारणासाठी म्हणावं. किरकोळ दुरुस्ती म्हणावं. अशी अर्धी वाक्यं तोंडात घोळवताना तिला लहानपणीची एक सकाळ आठवली. वडिलांनी तिला पहिल्यांदा मोटरीचं हिरवं बटण दाबू दिलं होतं. बटण दाबताच पायाखालची जमीन हलली आणि ती घाबरून रडली. वडील म्हणाले होते, आता घराघरात पाणी चाललंय, तू सोडलेलं. ती रडायची थांबली आणि घरी पळत जाऊन नळ बघत उभी राहिली. पाणी आलं तेव्हा ते आपलं आहे असं तिला वाटलं होतं, पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं. कदाचित तेच वाटणं अजून गेलं नव्हतं. नवी विहीर टेकडीला हवी होती, हे खरंच, पण ती तिलाही हवी होती. आपल्या हातची एक.

शेडीच्या सावलीत इस्त्रीवाल्या मावशी कपड्यांचे ढीग लावत होत्या. पुरात त्यांचं दुकान गेलं, लोखंडी इस्त्री तेवढी गाळातून सापडली, ती घासून त्यांनी पुन्हा धंदा मांडला होता, आणि वस्तीचं काय हवं नको ते बोलायला सगळे त्यांनाच पुढं करत. त्यांनी तिला पाटावर बसवलं, तोंड बघून म्हणाल्या, पाणी देऊ का आधी. टँकरचं पाणी. ते पीत असतानाच तिनं जुळवून आणलेली सगळी वाक्यं कुठं गेली कळलं नाही. तिनं जे होतं ते सांगितलं. आपल्याकडून कसं राहून गेलं, झरा एकच असेल तर काय होईल, आज दोन्ही मोटरी एकदम चालवल्याशिवाय कळणार नाही, आणि कळलं तर पैसा परत जायची शक्यता आहे, आणि त्यासाठीच तुमचा जनरेटर हवा आहे, रात्री इथं अंधार होईल. मावशींनी शर्टाची कॉलर दोनदा इस्त्री केली. आजूबाजूला दोघीतिघी उभ्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, म्हणजे आमचाच दिवा लावून आमचंच घर लुटायचं.

“मला काय, माझी इस्त्री कोळशावर चालते,” मावशी अखेर म्हणाल्या. “न्या जनरेटर. पण एक शब्द द्या. जे काय निघेल ते आधी इथं येऊन सांगायचं. सभेच्या आधी. तुमच्या तोंडानं.”

तिनं विचारलं, वाईट निघालं तरी?

“वाईटच निघालं तर. चांगलं काय, भोंग्यावरून पण कळतं. पुराच्या दिवशी भोंगा गल्लीगल्लीतून फिरला, पाणी वाढणार नाही, घरातच थांबा. आम्ही थांबलो. माझ्या मालकांनी तर दुकानातली इस्त्रीची फळी वर उचलून ठेवायची तीपण राहू दिली.” त्यांनी इस्त्री तिवईवर उभी केली. “कुणीतरी चालत येऊन, दारात उभं राहून, पाणी येतंय म्हणालं असतं ना बाई, तर मी आयुष्यभर त्याचे कपडे फुकट केले असते.”

मावशींच्या कपाळावर काही नव्हतं, दंडावर भाजल्याचा जुना डाग होता. तिनं शब्द दिला. देताना तिला आतून अगदी हलकं वाटलं, आणि लगेच पुढच्या श्वासाला जड. टँकरवाल्यानं जनरेटर गाडीच्या मागे बांधून खाली न्यायचं कबूल केलं. ती पायीच उतरली.

घरी वडिलांना जेवायला वाढलं. त्यांच्यासमोर बसून तिनं सांगितलं, बाबा, आज मोटर चालवावी लागणार आहे. ते जेवत राहिले. तिला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी डावा हात वर केला. सगळं सांग म्हणाले. तिनं सगळं सांगितलं. सासरचं, माहेरचं, थंडोबाला विहीर रुसलेली वाटली त्याचं. त्यावर त्यांच्या मिशा हलल्या. मग घास तसाच हातात धरून ते भिंतीकडे बघत बसले, आणि तिला वाटलं, झालं, आजचा निवळ दिवस आपण ढवळला, आता ते आईला हाक मारतील. त्यांनी हाक मारली नाही, पण आईचंच काढलं.

“विहिरीला कसली झोप लागते, पोरी,” ते म्हणाले. “तू पोटात होतीस. तुझी आई म्हणाली, आठवड्यातून एक दिवस तरी माणसासारखं घरी जेवा. आता हे पालिकेत कोण ऐकणार? बायकोसाठी सुट्टी मागितली असती तर हसले असते. विहिरीसाठी मागितली, तर ठराव केला.”

इतकी वर्षं सगळं शहर एका बाईच्या हट्टापायी घागरी भरून ठेवत होतं. आईचं ते उगीचचं गुणगुणणं तिच्या कानात आलं आणि ते उगीचचं नव्हतं हे तिला आत्ता कळलं. हसावं की रडावं असं झालं, म्हणून तिनं त्यांच्या ताटात भाजी वाढली. वडील पुढं म्हणाले, पाणी वर यायचं हेही खोटं नाही, थांबलं की कुठलंही पाणी वर येतं. माणसांना बरं वाटायचं, विहिरीलाही वाटत असेल, आपल्याला काय माहीत. मग ते हात धुवायला उठले आणि दाराशी थांबून म्हणाले, “चालव तू. तुझी आई असती तर म्हणाली असती, त्या टेकडीवरच्या बायकांनी पण कधीतरी घरी जेवावं.”

ऊन कलायच्या आत बोअरवरचा पंप जनरेटरवर सुरू झाला, आणि मग तिनं पंपहाऊसमध्ये जाऊन हिरवं बटण दाबलं. विसाव्याच्या दिवशी. जमीन हलली, पायांतून पोटापर्यंत ती घरघर चढली, आणि तिला दोन गल्ल्या पलीकडचे ते तळवे दिसले, फरशीवर टेकलेले. वरची टाकी विसाव्याच्या दिवशी धुऊन रिकामी ठेवलेली असते, म्हणून पाणी ओढ्याला सोडलं होतं. ते बघायला माणसं जमली. कुणी म्हणालं, भरल्या दिवशी नळ कोरडे आणि ओढ्याला पूर, पालिकेचं डोकं ठिकाणावर आहे ना. ती विहिरीकडचा दरवाजा उघडून काठावर बसली. आत काळोख होता, शेवाळाचा आणि क्लोरीनचा मिसळलेला वास होता, लहानपणीच्या वह्यांना यायचा तो. पाणी माहेरच्या गजाला लागून होतं, मग लागून नव्हतं. एवढं हळू, की बघत असताना काही हलत नसे, आणि थंडोबाशी एक वाक्य बोलून वळलं की गज थोडा जास्त उघडा पडलेला असे. कुणाच्या चेहऱ्यावरून मन उतरत जावं तसं ते पाणी उतरत होतं. काळोख पडला तेव्हा टेकडीवर एकही दिवा नव्हता. एरवी तिकडे माळ लावल्यासारखे दिवे असत आणि तिला ते कधी वेगळे दिसले नव्हते. आज नसताना दिसले.

रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. थंडोबानं तिला घरी जाऊन पडायला लावलं आणि ती पडली. उजाडताना परत आली तेव्हा दोन्ही मोटरी चालूच होत्या, पण जुनीचा आवाज बदलला होता, घशात काही अडकल्यासारखा. थंडोबा काठाशी उभा होता. त्यानं बॅटरी आत धरली. वनवासाचा गज केव्हाच कोरडा झाला होता. त्याच्याखाली, जिथं कुणी कधी बघितलं नव्हतं, तिथं चिखलात एक पितळी तांब्या तिरका रुतून बसलेला दिसत होता, कुणाचा कधीचा पडलेला. तिकडे बोअरचं पाणीही बारीक होऊन गढूळ झालं होतं. थंडोबा पहिल्यांदाच घाईनं म्हणाला, बंद करू? ती म्हणाली, करा. त्यानं लाल बटण दाबलं. मुकादमानं तिकडचा पंप थांबवला. एकदम इतकं शांत झालं, की विहिरीच्या तळाशी पाणी परत झिरपायला लागल्याचा आवाज ऐकू आला, कुणी झोपेत जीभ हलवावी तसा.

तिला वाटलं होतं, असं दिसलं तर आपण कोसळू. तसं काही झालं नाही. एक काम उरलं, एवढंच जाणवलं. साहेबांना फोन करून तिनं दोन वाक्यांत सांगितलं, की दोन्हींचं पाणी एकच आहे. ते म्हणाले, सभेत तुम्हीच बोला, मी वेळ देतो. टेकडीच्या मागच्या अंगाची जागा तिच्या मनात होती. नळाची वाट लांब, खर्च निधीत बसत नाही म्हणून तिनंच ती पहिल्यांदा सोडली होती. सभेत ती मागता येईल, मिळेलच असं नाही. पैसा परत जाईल हे जास्त खरं वाटत होतं. हे सगळं मावशींना असंच सांगायचं होतं, जेवढं आहे तेवढं, वर मीठसाखर न घालता.

घरी येऊन तिनं पाय धुतले, घागरीतलं उरलेलं पाणी पेल्यात घेतलं आणि खिडकीशी बसली. डोळे मिटले. भलं चिंतायच्या माणसांत आज टँकरवाला वाढला, आणि ज्याचा कुणाचा तो तांब्या असेल तोही. वडील उठून बसले होते. तळवे फरशीवर होते. त्यांनी विचारलं, कुठवर गेली. ती म्हणाली, वनवासाच्याही खाली. त्यांनी मान हलवली, म्हणाले, मग आज तिला उठवू नका. ती म्हणाली, नाही उठवत, आणि चपला घातल्या.

गल्लीत नळांची वेळ झाली होती. घराघरातून तो एकच सुस्कारा ऐकू येत होता, एकामागून एक, दारं उघडत होती, बायका रिकाम्या घागरी घेऊन बाहेर डोकावत होत्या. शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काय गं, विसावा काल होता ना?”

“आज आहे, काकू,” ती म्हणाली. “काल तिची झोप झाली नाही.”

शेजारीण आणखी काही विचारायच्या बेतात होती, पण हिनं पदर खोचला आणि कोपऱ्यावरून टेकडीच्या वाटेला लागली. सभेला अजून वेळ होता. टँकर मागून येऊन थांबला, ड्रायव्हरनं मानेनंच विचारलं, चढणार का. तिनं हातानंच नको म्हटलं. चालत येऊन, दारात उभं राहून सांगायचं ठरलं होतं.